हौदाची चव

हौदाच्या काठावर तो उकिडवा बसायचा, उजव्या हाताचं मधलं बोट पाण्यात बुडवायचा आणि जिभेच्या टोकाला लावायचा. क्षणभर डोळे बारीक करायचा. मग तोंड वळवून जास्वंदीच्या बुंध्याशी थुंकायचा आणि म्हणायचा, "पानी नाय, औषध हाय."

रोज सकाळी हेच. पाणी चांगलं असलं तरी हेच आणि बिघडलेलं असलं तरी हेच. फरक असायचा तो थुंकण्यात. पाणी ठीक असलं की जवळ थुंकायचा, बिघडलं असलं की लांब. दोन वर्षं रोज पाहिल्यावर मी त्याची थुंकी कुठे पडते यावरून दिवस कसा जाणार ते ओळखायला लागलो होतो. एवढ्या शिकलेल्या माणसावर काय वेळ आली बघा.

मालक त्याला 'पूल' म्हणायचे, पाहुणे 'स्विमिंग पूल' म्हणायचे, हा 'हौद' म्हणायचा. गुरांना पाणी पाजायला बांधतात तो हौद. त्याच्या बोलण्यात त्या हौदाला त्याहून मोठा मान कधी मिळाला नाही.

पेणहून वडखळ फाट्याकडे गेला असाल तर असे बंगले तुम्हीही पाहिले असतील. देवळाला शोभेल एवढं फाटक, त्यावर 'फार्म' अशी पाटी, आणि आत शेती म्हणाल तर चिकूची चार झाडं. चिकू वटवाघळं खातात. बाकी सगळी हिरवळ, तिला पाणी घालायला एक माणूस, ती कापायला एक माणूस, आणि मधोमध तो निळ्या फरश्यांचा हौद. महिन्यातून दोन शनिवार मालक मुंबईहून येणार, काठावर खुर्ची टाकून फोनवर बोलणार आणि रविवारी दुपारी जेवून जाणार. या दोन शनिवारांसाठी आम्ही महिनाभर ते पाणी आरशासारखं ठेवायचो. मी एकदा हिशेब केला, तर मालकापेक्षा बेडूक त्या हौदात जास्त वेळा पोहले होते.

मी तिथे सुपरवायझर होतो. त्याआधी रोह्याजवळ धाटावला एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये तीस वर्षं काढली. शिफ्टमध्ये नमुने यायचे, ते तपासायचे, आकडा लिहायचा, सही करायची. निवृत्त झाल्यावर रोह्याची खोली सोडून पेणला बायकोच्या माहेरगावी आलो. घरी बसून दोन महिन्यांत बायकोच्या स्वयंपाकातही सुधारणा सुचवायला लागलो, तेव्हा तिनेच भावाकरवी ही नोकरी शोधून दिली. मालकांना 'केमिकलमधला माणूस' हवा होता. मी खूश झालो. अख्खं आयुष्य ज्याने कंपनीचे नमुने तपासले, त्याला एका माणसाच्या आंघोळीचं पाणी तपासायला मिळालं, यात खूश होण्यासारखं काय होतं हे आता मला सांगता येणार नाही.

तो माझ्या आधीपासून तिथे होता. वडखळच्या पलीकडे खाडीकाठच्या एका गावातून सायकलवर यायचा. अंगात बनियन, खाली गुडघ्याच्या वर बांधलेला पंचा, खांद्यावर टॉवेल. पाय मात्र पाहण्यासारखे. टाचा आणि तळवे इतके जाड आणि पांढरट, की भर उन्हात तापलेल्या फरशीवर तो अनवाणी उभा राहायचा आणि आम्ही चपला घालून नाचायचो. वयाने माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, पण मी त्याला मनात म्हाताराच म्हणायचो. तोंडाने 'मामा' म्हणायचो. आमच्या कंपनीत शिपाई, माळी, कॅन्टीनवाला, सगळ्यांना मामा म्हणायची पद्धत होती. त्यात मानही होतो आणि नाव विचारायचं कामही राहत नाही.

तो मला साहेब म्हणायचा. माझ्या मागे 'बाटलीसाहेब' म्हणतो हे मला पुढे माळ्याकडून कळलं. माझ्याकडे पाणी तपासायच्या काचेच्या छोट्या बाटल्या असायच्या म्हणून. पण गावात बाटलीचा अर्थ काय होतो हे त्याला चांगलं ठाऊक होतं, आणि मी आयुष्यात थेंब घेतलेला नाही हेही.

आता त्याच्या कामाबद्दल सांगतो. हौद साफ करायचा म्हणजे वरची पानं जाळीने काढायची असा मालकांचा समज होता. खरं काम तळाशी असतं. शेतातून उडालेली माती, पानांचा भुगा, मेलेले किडे, सगळं खाली जाऊन बसतं आणि ते खेचून घ्यायला व्हॅक्यूम लागतो. ब्रश लावलेलं एक चपटं डोकं, त्याला लांब दांडा आणि एक जाड पाईप. पाईपाचं दुसरं टोक भिंतीतल्या भोकात बसवायचं आणि पंप सुरू करायचा. ऐकायला सोपं आहे. पण पाईपात थोडी जरी हवा राहिली तर पंप नुसता गुरगुरतो आणि खेचत काहीच नाही. म्हणून तो आधी अख्खा पाईप हात-हात करत पाण्यात उभा सोडायचा, बुडबुडे थांबेपर्यंत. याला तो 'पाईपाला पानी पाजनं' म्हणायचा. चपट्या डोक्याला घोरपड म्हणायचा, कारण पंप सुरू झाला की ते तळाला चिकटायचं.

सगळीकडे लोक व्हॅक्यूम पुढेमागे ढकलतात. सोबत आलेल्या पुस्तिकेत तसं चित्रही होतं. हा फक्त ओढायचा. घोरपड पलीकडे अलगद ठेवायची, मग एकेक वीत स्वतःकडे आणायची, पाण्याबाहेर येऊ न देता थोडी उचलायची आणि शेजारच्या पट्ट्यात पुन्हा पलीकडे. इतक्या सावकाश की बघणाऱ्याला झोप यावी. एवढ्याशा हौदाला त्याला अर्धा दिवस लागायचा. मी एकदा पुस्तिका उघडून ते चित्र त्याच्यासमोर धरलं. त्याने बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "ह्यो मानूस कंचा?" मी म्हटलं, चित्र आहे मामा, कुठलाही नाही. "म्हनून ढकलतो," तो म्हणाला आणि पुन्हा ओढायला लागला.

मग मी स्वतः दांडा हातात घेतला. तीस वर्षांचा अनुभव होता ना. चार वेळा झपझप ढकलला, आणि तळाची सगळी माती उठून पाणी चहासारखं झालं. त्याने पंप बंद केला, काठावर बसला, विडी पेटवली आणि शेजारची जागा हाताने साफ करून मला म्हणाला, "बसा आता. खाली बसंपर्यंत आपनबी बसू." दुपारपर्यंत आम्ही दोघे त्या गढूळ पाण्याकडे बघत बसलो होतो. त्या दिवसापासून मी त्याचा राग करायला लागलो, हे कबूल करतो.

ही ओढायची रीत मिठागरातली. तिथे लांब दांड्याच्या लाकडी फळीने मीठ स्वतःकडे ओढतात. ढकललं तर खालचा चिखल मिठात येतो आणि मीठ काळं पडतं. त्याचं घराणं मिठागरात काम करणारं. खाडीचा बांध फुटला, तो कुणी वेळेवर बांधला नाही, खारं पाणी आत आलं आणि राहिलं, आता तिथे कांदळवन वाढलंय. मग माणसं कुणी रेती उपसायला गेली, कुणी जोहे गावात गणपतीच्या कारखान्यात माती मळायला गेली. हा हौदावर आला. मिठागरात आधी पायांनी तुडवून तुडवून जमीन फरशीसारखी करतात, त्यात त्याचे तळवे तसे झालेले. कामाच्या पाण्यात अंग धुवायचं नाही, हा तिथला नियम. म्हणून मे महिन्यातसुद्धा, घामाने निथळत असताना, त्याने त्या हौदात कधी पाय सोडला नाही. माळी दुपारी डुंबायचा. हा बोअरिंगच्या नळाखाली बसायचा.

मालकांविषयी त्याचं मत फार स्पष्ट होतं. पाहुणे आले की हातात पेले घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उभे राहायचे आणि उभेच राहायचे. केस भिजायला नकोत, चष्मा भिजायला नको, फोन भिजायला नको. हा लांबून पंपाच्या खोलीच्या दारातून बघायचा. एकदा मला म्हणाला, "म्हशी बऱ्या. डोकं तरी बुडवतात." मी हसलो, आणि हसल्यावर इकडेतिकडे पाहिलं.

लग्नाच्या वाढदिवसाला मालकांनी पाण्यावर टोपल्याच्या टोपल्या गुलाबपाकळ्या सोडल्या आणि तरंगते दिवे. फोटो निघाले. दुसऱ्या दिवशी पाकळ्यांचा लगदा होऊन पंप तुंबला. दोन दिवस हा तो लगदा हाताने उपसत होता. पंपाच्या जाळीत चार बेडूकही सापडले. ते त्याने टॉवेलात घेतले आणि कुंपणापलीकडच्या भातशेतात सोडून आला. बेडकांशी तो जेवढं मऊ बोलायचा तेवढं माझ्याशी कधी बोलला नाही.

मालकीणबाईंनी एकदा त्याला पाणी चाखताना पाहिलं. त्यांना किळस आली. त्या त्याला काही बोलल्या नाहीत, मला बोलावून बोलल्या, जणू मीच ते बोट चाटलं होतं. मी त्याला सांगितलं, मामा, हे बंद करा. तो बरं म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून बंगल्याकडे पाठ करून चाखायला लागला.

त्या जिभेचीच ही सगळी गोष्ट आहे, तेव्हा नीट सांगतो. मिठागरात पाणी एका खाचरातून दुसऱ्यात घेत घेत आटवत नेतात. शेवटच्या खाचरात ते कधी सोडायचं, हे चाखून सांगणारा एक माणूस असतो. लवकर सोडलं तर मीठ धरत नाही, उशिरा सोडलं तर कडू होतं. त्याच्या मिठागरात हे आधी त्याचा बाप सांगायचा, मग हा सांगायला लागला. सगळे फावडी घेऊन बांधावर उभे राहायचे, हा बोट बुडवून चाखायचा, थुंकायचा आणि मान हलवायचा. मग बांध फोडायचे. शेवटच्या वर्षीच्या मिठाची एक गोण त्याने घरी ठेवली होती. त्यातलं चिमूटभर कागदाच्या पुडीत बांधून तो रोज जेवायला आणायचा. काळपट, जाडं मीठ. भात, सुकट आणि वर ते मीठ. मला एकदा त्यातले दोन खडे दिले आणि माझ्या तोंडाकडे बघत बसला. मी खारट आहे म्हणालो. त्याने पुडी बांधली आणि पुन्हा कधी दिलं नाही.

क्लोरीन तपासायची माझी पद्धत अशी. बाटलीत हौदाचं पाणी घ्यायचं, दोन औषधांचे थेंब टाकायचे, क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी होतं. जितकं गडद, तितकं जास्त. रंग पट्टीशी जुळवायचा आणि वहीत आकडा लिहायचा. मी बाटली भरेपर्यंत तो बोट चाटून मोकळा झालेला असायचा. "कमी हाय," म्हणायचा, आणि बाटली फिकट व्हायची. "आज तेज हाय," म्हणायचा, आणि बाटली गडद. दोन वर्षांत एकदाही चुकला नाही. तुम्हाला वाटेल मला याचं कौतुक वाटलं असेल. अजिबात नाही. मी तीस वर्षं ज्यावर पोट भरलं ते हा माणूस एका बोटावर करत होता, आणि वर थुंकत होता. तो एकदा तरी चुकावा असं मला फार वाटायचं.

गंमत म्हणजे त्याला माझ्या बाटलीचं फार कौतुक होतं. तोंडाने कधी बोलला नाही, पण चाखल्यावर तो जाग्यावरून हलायचा नाही. माझे थेंब पडेपर्यंत थांबायचा, रंग बघायचा आणि मगच उठायचा. बाटली खोटं बोलत नाही असं त्याने ठरवलं होतं.

चैत्रात मी एक सुधारणा केली. तोवर आम्ही साधी ब्लिचिंग पावडर टाकायचो. तिचा गाळ खाली बसायचा आणि तो उपसायला त्याला आणखी वेळ लागायचा. मी धाटावच्या जुन्या ओळखीतून नवे पांढरे दाणे आणले. गाळ नाही, वास कमी, काम जलद. पिंपावर किती टाकायचं ते छापलं होतं. मी वाचलं नाही. लॅबमधला माणूस पिंपावरचं वाचत नाही. मी त्याला सांगितलं, जुन्याच मापाने टाका, तोच पत्र्याचा डबा. नवे दाणे जुन्या पावडरीपेक्षा कितीतरी तेज होते. त्याने सांगितल्याप्रमाणे टाकले.

तिसऱ्या दिवशी त्याने बोट चाटलं आणि थुंकी थेट कुंपणाजवळ गेली. "जळतंय," तो म्हणाला. "आनि आंबट लागतंय. टाकू नका आता."

मी बाटली भरली. थेंब टाकले. पाणी पांढरंच राहिलं.

मी पुन्हा केलं. पांढरंच. म्हणजे क्लोरीन शून्य. मी बाटली उन्हात धरून त्याला दाखवली. त्याने बाटलीकडे पाहिलं, हौदाकडे पाहिलं, पुन्हा बोट बुडवून चाखलं. "जळतंय वो साहेब," तो म्हणाला, पण या वेळी जरा हळू. मी म्हटलं, बाटली काय म्हणते ते बघा मामा, अजून दोन डबे टाका. त्याने टाकले.

दुसऱ्या दिवशी तेच. तो म्हणाला जळतंय, बाटली म्हणाली शून्य. अजून दोन डबे. मला काय वाटत होतं ते सांगितलंच पाहिजे. मला बरं वाटत होतं. मी बाटली धरून उभा होतो आणि दोन वर्षांचा सगळा हिशेब चुकता होत होता. माळी आला होता पाहायला. त्याच्यासमोर मी म्हटलं, "वय झालं मामा. जीभ गेली तुमची."

त्याने पाईप काढला, पाणी निथळू दिलं, गुंडाळून सावलीत ठेवला. घोरपडीचा ब्रश धुतला. पंपाच्या खोलीतून जेवणाची पिशवी घेतली आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. बाटली माझ्या हातातच होती. त्याने ती मागितली, उन्हात धरली आणि बराच वेळ बघितली. मग परत दिली.

"खरं हाय," तो म्हणाला. "गेली."

सायकल घेऊन गेला तो पुन्हा आला नाही. मी त्याला काढलं नाही, हे मी त्या दिवशी मालकांना सांगितलं आणि पुढे कित्येक दिवस स्वतःलाही सांगत होतो.

दोन दिवसांनी मालकांची नातवंडं सुट्टीला आली. ही मात्र खरोखर पोहली. तासाभरात सगळ्यांचे डोळे लाल, अंगाला खाज, आणि मोठ्या नातीचा गर्द निळा पोहायचा पोशाख पाठीवर पांढुरका पडलेला. तो पोशाख मी पाहिला. मी पंपाच्या खोलीत गेलो, अर्धी बाटली हौदाचं पाणी घेतलं, अर्धी साधं. थेंब टाकले. पांढरं. मग कपभर हौदाचं पाणी बादलीभर साध्या पाण्यात मिसळलं आणि त्यातलं घेतलं. थेंब पडल्याबरोबर बाटली जांभळासारखी गडद झाली.

क्लोरीन फार जास्त झाला की तो बाटलीतल्या औषधाचा रंगच खाऊन टाकतो. रंग येतो आणि येताक्षणी जातो, आणि बघणाऱ्याला वाटतं काही नाहीच. तीव्र नमुना आला तर आधी पातळ करून तपासा, हे लॅबमध्ये पहिल्या आठवड्यात शिकवतात. मी स्वतः नव्या पोरांना शिकवलं होतं. तीस वर्षं केलेलं मी विसरलो नव्हतो. मला फक्त ती बाटली पांढरी हवी होती.

मालकांनी विचारलं, कोणी केलं हे. मी म्हटलं, त्या म्हाताऱ्याने जाताना अंदाजाने जास्त टाकलं असावं. मालक म्हणाले, या लोकांना अक्कल नसते. मी मान हलवली. इतक्या सहज हलली की मलाच आश्चर्य वाटलं.

हौदातलं निम्मं पाणी सोडून दिलं, नवं भरलं, मुलांचे डोळे दोन दिवसांत बरे झाले. कुणाचं काही बिघडलं नाही. असं मी म्हणायचो. त्याच्या गावाला जाऊन सांगून यायला एक सकाळ पुरली असती. पण आधी ऊन होतं, मग पाऊस होता, मग गणपती आले, मग माझा गुडघा दुखत होता. अशी कारणं काढत बसलेला माणूस तुम्हीही पाहिला असेल, सुपारी कातरत असतो आणि जगावर टीका करत असतो. तो मी. या काळात व्हॅक्यूम मीच मारत होतो, कारण दुसरा कुणी टिकेना. पहिल्या दिवशी ढकलला. दुसऱ्या दिवसापासून ओढायला लागलो.

दसऱ्यानंतर गेलो. पिशवीत बाटल्या, दोन्ही औषधं आणि थोडे ते पांढरे दाणे घेतले. रिकाम्या हाताने माफी मागण्यापेक्षा काहीतरी दाखवता येईल असं वाटलं. वडखळला उतरून रिक्षाने गावापर्यंत, पुढे बांधावरून पायी. घर सापडायला वेळ लागला नाही. मला त्याचं नाव सांगता येईना, तर एका बाईनेच विचारलं, मिठाची चव सांगायचा तो का? मी हो म्हटलं.

तो ओट्यावर चुलीसाठी फाटी तोडत बसला होता. मला पाहून कोयता बाजूला ठेवला, पण उठला नाही आणि बसा म्हणाला नाही. त्याची बायको दारात आली. कंबरेत वाकलेली, नजर मात्र ताठ. मी उभ्याउभ्याच सांगायला लागलो, की मामा, तुमची जीभ बरोबर होती, बाटली चुकली. त्याने तोडलेली फाटी सारखी करून ठेवली. बोलली ती.

"सा म्हैनं झालं, ह्यो मानूस जेवायला बसला की मना इचारतो, मीठ बरा हाय काय गो. चाळीस वर्सांत कवा इचारलं न्हवतं. आनि तुमी आता येतांव."

मी पिशवी उघडली. तिच्याकडे दोन पेले आणि पाणी मागितलं. तिने आणून आपटले. एका पेल्यात दाणे विरघळवून तेज पाणी केलं, बाटलीत घेतलं आणि थेंब टाकले. क्षणभर गुलाबी झाक आली आणि गेली. पांढरं. मग त्याच पाण्याचा एक घोट दुसऱ्या पेलाभर साध्या पाण्यात मिसळला, थेंब टाकले. गडद गुलाबी. त्याला सांगितलं की जास्त झालं की ते रंगच खातं, त्या दिवशी असंच झालं होतं, दाणे तेज होते आणि डबा मी सांगितला होता.

"पुन्ना करा," तो म्हणाला.

मी पुन्हा केलं. तो ओट्यावरून खाली उतरून माझ्या शेजारी उकिडवा बसला, डोळे बाटलीपासून वीतभर. गुलाबी झाक आली तशी त्याने बोट दाखवलं, ती गेली तसं बोट खाली घेतलं. आणखी एकदा करायला लावलं. चौथ्यांदा थेंब त्याने स्वतःच्या हाताने टाकले.

मग मी उरलेलंही सांगितलं. मालकांना मी काय म्हणालो ते. ते सांगितलं नसतं तरी चाललं असतं, त्याला कधीच कळलं नसतं. पण बाटली दाखवून झाल्यावर ते पोटात ठेवून परत जाणं मला जमेना.

त्याने बाटली जमिनीवर ठेवली. पहिल्यांदाच माझ्याकडे पुरतं पाहिलं, हौदात उभ्या पाहुण्यांकडे बघायचा तसं.

"बाटलीनं निसतं तोंड मिटलं," तो म्हणाला. "तुमी तं उघडलांव."

मालक तुम्हाला परत बोलावतील, मी सगळं सांगेन, असं काहीतरी पुटपुटलो. ते त्याने ऐकलंही नसावं. तो उठून आत गेला. मी बाटल्या गोळा करायला लागलो. आत चुलीवर कालवण होतं, त्याचा वास ओट्यापर्यंत येत होता. झाकण बाजूला ठेवल्याचा आवाज आला.

"खारट केलंस गो," तो आतून म्हणाला.

ती दारात होती. वळली नाही, पदराचं टोक तेवढं तोंडाला लावलं. मग पदर खोचून आत गेली आणि भांडायला लागली. बरोबर टाकलंय, रोजच्याएवढंच टाकलंय, इतके महिने हेच गिळत होतास तेव्हा कुठे होतं तुझं तोंड. तो म्हणत होता, खारट हाय, सांगतो ना, पानी घाल. ती म्हणत होती, नाही घालणार.

मला कुणी जा म्हणालं नाही. मी पिशवी घेऊन निघालो. बांधावर पोहोचलो तरी मला दोघांचं भांडण ऐकू येत होतं.